प्रोसेसरची मांडणी कर्नलला कशी कळते: ‘परम ८०००’ ते आजचा लिनक्स

तुम्ही पुण्यात शिकत असा किंवा कुंभकोणमला, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या एखाद्या लिनक्स संगणकावर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन पाहा. सॉकेट किती, प्रत्येक सॉकेटमध्ये कोअर किती, प्रत्येक कोअरवर थ्रेड किती, हे सगळे ओळीने समोर येते. तुम्ही यातले काहीच कर्नलला सांगितलेले नसते. मग त्याला ते कळले कसे? या प्रश्नाचा इतिहास पाहताना सुरुवात पुण्यातून करणे सोयीचे आहे, कारण तिथे एके काळी ही मांडणी माणसालाच ठरवावी लागत होती.

सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली. भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिका तयार नव्हती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने वेगळी वाट धरली: एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक प्रोसेसर एकत्र जोडायचे. त्यातून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातला प्रोसेसर म्हणजे ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर.

ट्रान्सप्युटरला स्वतःची मेमरी असे आणि बाहेर बोलायला चार दुवे असत. चारच. त्यामुळे ६४ ट्रान्सप्युटरांपैकी प्रत्येकाला उरलेल्या ६३ जणांशी थेट जोडणे शक्यच नव्हते. त्यांची जाळी करायची, वलय करायचे की वृक्ष, हे गणित पाहून ठरवावे लागे. हवामानाच्या गणितात प्रत्येक चौकटीला शेजारच्या चार चौकटींची माहिती लागते, म्हणून तिथे जाळी शोभते. सतत एकमेकांशी बोलणारी दोन कामे लांबच्या ट्रान्सप्युटरांवर पडली, तर प्रत्येक संदेश मधल्या प्रोसेसरांतून टप्प्याटप्प्याने जाई आणि गणितापेक्षा निरोपातच वेळ जाई.

कागदावरची मांडणी आणि प्रत्यक्षातली जोडणी जुळतेच असे नाही. यावर ट्रान्सप्युटर वापरणाऱ्यांनी जगभर एक युक्ती वापरली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. रॉममधून सुरू न होणारा ट्रान्सप्युटर चारही दुव्यांवर कान देऊन बसे. पहिली बाइट एकपेक्षा मोठी असेल, तर तितक्या बाइटचा प्रोग्रॅम येत आहे असे समजून तो उतरवून घेई आणि चालवू लागे. म्हणून ‘वर्म’ नावाचे छोटे प्रोग्रॅम लिहिले गेले. असा प्रोग्रॅम एका ट्रान्सप्युटरमध्ये शिरून उरलेल्या दुव्यांवर स्वतःचीच प्रत पाठवी. पलीकडचा जागा झाला तर त्याला नवा क्रमांक मिळे. तो आधीच जागा असेल तर आपला जुना क्रमांक सांगे. उत्तर आलेच नाही तर तो दुवा मोकळा. शेवटी हाती एक तक्ता येई: कोणत्या क्रमांकाच्या कोणत्या दुव्यावर कोण आहे. यंत्रालाच विचारून त्याचा नकाशा काढण्याची ही पद्धत मला आजच्या अनेक पद्धतींपेक्षा प्रामाणिक वाटते.

सामाईक मेमरीच्या संगणकांचा प्रवास निराळा झाला. १९९४ च्या सुमारास इंटेलने मल्टिप्रोसेसर यंत्रांसाठी एक नियमावली आणली. बायोसने मेमरीत प्रोसेसरांची यादी ठेवायची आणि कर्नलने ती वाचायची. १९९६ मध्ये आलेल्या लिनक्स २.० ला अनेक प्रोसेसर चालवता येऊ लागले. सगळे प्रोसेसर सारखे मानलेले असल्याने नकाशाची गरज नव्हती, मोजदाद पुरेशी होती.

२००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग आले आणि हे गृहीतक मोडले. एक कोअर कर्नलला दोन प्रोसेसरांसारखा दिसू लागला. दोन खऱ्या प्रोसेसरांच्या यंत्रात कर्नलला चार दिसत. चालवायची कामे दोनच असली, तर ती दोन्ही एकाच प्रोसेसरवर पडून दुसरा रिकामा राहण्याची शक्यता होती. २००४ मध्ये लिनक्सने यासाठी ‘शेड्युलर डोमेन’ स्वीकारले: थ्रेडचा गट, त्याबाहेर प्रोसेसरचा, त्याबाहेर मेमरीजवळच्या नोडचा, अशी एकात एक वर्तुळे. काम आतल्या वर्तुळात सहज हलवायचे, बाहेरच्यात जपून, कारण तिथे कॅशमधली माहिती मागे राहते.

ही वर्तुळे आखायला लागणारी माहिती बहुतांशी प्रोसेसरच्या एपीआयसी क्रमांकात असते. हॉटेलच्या खोलीच्या क्रमांकात मजला दडलेला असतो, तसेच हे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ घ्या. त्याच्या एका नोडमध्ये २४ कोअरचे दोन प्रोसेसर असतात. थ्रेडसाठी १ बिट लागतो. २४ कोअरांना ४ बिट पुरत नाहीत, म्हणून ५. त्यापुढचे बिट सॉकेटचे. म्हणजे दुसऱ्या सॉकेटचे क्रमांक ४८ पासून नव्हे, ६४ पासून सुरू होतात. कुठे किती बिट सोडायचे, हे इंटेलच्या नव्या प्रोसेसरांत २००८ पासून ‘सीपीयूआयडी’ ही सूचनाच सांगते.

उत्तर मिळाले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. २०११ मध्ये एएमडीच्या बुलडोझरमध्ये दोन-दोन कोअर एकच दशांश-गणित विभाग वापरत. हे दोन कोअर की एकाचे दोन थ्रेड? मायक्रोसॉफ्टला विंडोज ७ साठी दुरुस्ती काढून ते थ्रेडसारखे हाताळावे लागले. ‘आठ कोअर’ या जाहिरातीवरून ग्राहक न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये एएमडीने तडजोड केली. त्याआधी २०१८ मध्ये आणखी गंभीर बाब उघड झाली होती: एका कोअरवरचे दोन थ्रेड पहिल्या पातळीची कॅश वाटून घेत असल्याने एकाची गुपिते दुसऱ्याला काढता येत होती. तेव्हापासून कोण कोणाचा शेजारी हा सुरक्षेचाही प्रश्न झाला.

२०२१ च्या इंटेल प्रोसेसरांत मोठ्या कोअरना दोन थ्रेड आणि छोट्यांना एकच होता. एका कोअरकडे पाहून बाकीच्यांचा हिशेब करणारा जुना कोड तिथे चुकू लागला. थॉमस ग्लाइक्सनर यांनी नव्याने लिहिलेली मांडणी ओळखण्याची यंत्रणा २०२४ मध्ये लिनक्स ६.९ मध्ये आली.

आता एक काम करा. तुमच्या लॅपटॉपवर आणि त्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरुवातीची आज्ञा द्या आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहा. आतल्या कर्नलला सॉकेट आणि कोअर यांचे जे आकडे दिसतात, ते हायपरव्हायजरने त्याला सांगितलेले असतात.