दिनाराची वाट

अरबीतील ‘दीनार’ हा शब्द मूळचा रोमन; ‘देनारियस’ या चांदीच्या नाण्यावरून आलेला. हिंदुस्थान दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनीने केली. हा व्यापार बंदरांपुरता नव्हता. सातारा-सांगलीच्या शेजारी, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५ च्या सुमारास रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. आपले कराडही तितकेच जुने. त्याचे नाव भारहुतच्या शिलालेखांत आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, नांगराखाली जुने नाणे आले तर ते घासू नका, सोनाराकडे आटवू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन कलेक्टरांना कळवावेच लागते. नाणे कोठे, कशासोबत सापडले, यातच खरा इतिहास असतो. आटवलेले सोने काहीच सांगत नाही.