सतरा पौंडांचा संसार

हातगाडी म्हटली, की मला भेळ आठवते. फार तर केळी. अमेरिकेत जाऊन हातगाडी ओढावी लागेल, असं माझ्या पत्रिकेत कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या हिचा भाऊ सॉल्ट लेक सिटीत असतो. त्याचे शेजारी मॉर्मन पंथाचे. माणसं अत्यंत सज्जन. धर्माज्ञा म्हणून चहासुद्धा घेत नाहीत, आता बोला! पूर्वज ज्या वाटेनं आले त्या वाटेवर ही मंडळी तरुण मुलांना घेऊन, जुने पोशाख चढवून हातगाड्या ओढतात. त्यांनी आमच्या चिरंजीवांना, वय वर्षं पंधरा, सहज विचारलं. घरी दळणाचा डबा उचल म्हटलं तर ज्याची पाठ धरते, तो ताडकन म्हणाला, "येतो!" मग बापाला जाणं आलंच.

निघताना माणशी एक बादली मिळाली. सगळं सामान त्यात बसवायचं. मी कुरकुरलो, तेव्हा शेजारी शांतपणे म्हणाले, "आमच्या लोकांना सतरा पौंड मिळाले होते."

सतरा पौंड म्हणजे पावणेआठ किलो. अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळं धरून! आमच्या हिचा चिवड्या-लाडवांचा डबाच तेवढा भरतो.

मी पडलो बँकेतला कारकून. इतिहास मला खातेवहीसारखाच वाचता येतो. १८४९ साली मॉर्मनांनी एक फंड काढला. युरोपातल्या गरीब बांधवांनी उधारीवर युटाला यावं, इथं कमवून कर्ज फेडावं, म्हणजे त्या पैशात पुढचे येतील. योजना नामी. वसुली मात्र अशा योजनांची होते तशीच झाली. त्यात १८५५ साली टोळांनी पिकं खाल्ली आणि फंडात खडखडाट झाला. तेव्हा पुढारी ब्रिगहॅम यंग यांनी काटकसर सुचवली : बैलगाड्या महाग पडतात, हातगाड्या घ्या. बैलांच्या जागी कोण, हे वेगळं सांगायला नकोच.

आगगाडी आयोवा सिटीपर्यंत. पुढं सुमारे १३०० मैल पायी. १८५६ ते १८६० या काळात दहा तांडे, सुमारे तीन हजार माणसं अशी गेली. बहुतेक तांडे धडपणे पोचले. पण १८५६ चे शेवटचे दोन उशिरा निघाले. गाड्या ओल्या लाकडाच्या. वाटेत चिरायच्या, मोडायच्या.

ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला सभा भरली. जावं की थांबावं? लेव्हाय सॅव्हेज नावाचा एकटाच उठून म्हणाला, जाऊ नका. डोंगरात बर्फ गाठेल, म्हातारे आणि पोरं मरतील. हा धर्मप्रचाराला कलकत्त्यापर्यंत आलेला, पुढं ब्रह्मदेशात राहिलेला माणूस. बायको वारलेली, चिमुरडा मुलगा युटात ठेवून बाहेर पडलेला. चार वर्षांनी त्याच्याकडे परत निघाला होता. सभेनं त्याचं ऐकलं नाही. तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, मीही तुमच्याबरोबर येतो.

इथं मी थबकलो. आमच्याकडे विरुद्ध शेरा मारणारा माणूस पुढं 'मी म्हटलं नव्हतं?' एवढं म्हणण्यासाठीच जगतो.

१९ ऑक्टोबरला बर्फ पडलं. २३ तारखेला सॅव्हेजचा तांडा वादळात रॉकी रिज चढला. दुसऱ्या दिवशी तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरावं लागलं. यंगनी बातमी कळताच मदतीच्या गाड्या धाडल्या होत्या, म्हणून बाकीचे वाचले. तरी दोन तांड्यांतल्या हजारभर माणसांपैकी दोनशेहून अधिक गेली. सॅव्हेज ९ नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोचला. मुलगा पाच वर्षांचा झाला होता.

आणि कर्ज? ते वहीत तसंच राहिलं. १८८० साली फंडानं थकबाकीपैकी निम्मी माफ केली. बँकेत आम्ही तिला बुडीत म्हणतो. या खात्यात कोण कुणाला देणं लागत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं मला त्याच रॉकी रिजवर आठवत होतं. सात हजार फुटांच्या वरचा चढ, दगडच दगड. महिना उन्हाळ्याचा, पोटात न्याहारी, तरी माझा भाता झाला होता. चिरंजीव पुढं आडव्या दांड्याला छाती लावून ओढत होते. मध्येच मागं वळून म्हणाले,

"बाबा, तुम्ही त्या सभेत असता तर?"

"मी विरोध केला असता," मी म्हणालो. "लेखी."

"आणि मग? गेला असता त्यांच्याबरोबर?"

बावीस वर्षं नोकरी केली, पण असा प्रश्न ऑडिटरनंही विचारला नव्हता. मी उत्तर दिलं नाही. गाडीच्या मागं गेलो आणि ढकलू लागलो.