खताची पाठ : फिटलेल्या कर्जाच्या कागदांविषयी

जुन्या घराण्यांची दप्तरे ज्यांनी चाळली आहेत, त्यांस सांगावयास नको की बहुतेक रुमालांत खतांची एखादी तरी चळत निघतेच. सनद, निवाडपत्र, वंशावळ, करीना यांच्या मागे आपण धावतो. खते मात्र 'किरकोळ' या सदराखाली बांधून ठेवतो. त्यांतही एखाद्या खताचा मथळा फाडलेला असला, किंवा अंगावर आडव्या रेघा ओढलेल्या असल्या, तर संग्राहक ते 'खंडित' म्हणून बाजूस सारतो आणि अखंड प्रत हाती आल्यास धन्यता मानतो. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. फाडलेले खत हेच पुरे झालेले खत होय. आणि अखंड खत पुढे आले असता संशोधकाने प्रथम ते उलटे करून त्याची पाठ पाहावी.

हा विचार आम्हांस दप्तर पाहताना सुचला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. विलेपार्ले येथील आमचे एक स्नेही घराच्या दुरुस्तीकरिता कर्ज काढावयास एका बँकेत गेले. तेथे त्यांस असे कळले की त्यांच्या नावावर एक जुने कर्ज थकलेले आहे, सबब अर्ज मान्य होत नाही. हे कर्ज म्हणजे दुसऱ्या एका बँकेच्या कार्डावरील बाकी. ती त्यांनी २००९ मध्ये व्याजासह भरली होती आणि फिटल्याचे पत्रही घेतले होते. मध्यंतरी त्या बँकेने आपल्या बुडीत कर्जांचा एक गठ्ठाच्या गठ्ठा दुसऱ्या कंपनीस विकला. त्यात ही फिटलेली रक्कमही गेली. पुढे वसुलीवाल्यांचे दूरध्वनी सुरू झाले. रक्कम वाढत चालली. स्नेही आमच्याकडे आले ते कायदा विचारावयास नव्हे. तो आमचा विषय नाही. त्यांनी एवढेच विचारले की, "मास्तर, तुम्ही जुने कागद वाचता. पूर्वी फिटलेले कर्ज पुन्हा उभे राहू नये म्हणून लोक काय करीत?"

प्रश्न साधा होता. उत्तर द्यावयास आम्हांस चार दिवस लागले.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात याचे उत्तर इतके नेमके आहे की प्रथम वाचताना आपण त्यावरून सहज पुढे जातो. ऋणकोने जसजसे द्रव्य द्यावे तसतसे ते लेख्याच्या पाठीवर लिहावे, किंवा धनकोने स्वहस्ते पावती लिहून द्यावी, असे स्मृतिकार सांगतो. सगळे ऋण फिटल्यावर लेख्य फाडावे, किंवा शुद्धीकरिता दुसरे लेख्य करवून घ्यावे. आणि ऋण साक्षींसमक्ष घेतले असल्यास ते साक्षींसमक्षच फेडावे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत यावर जो खुलासा केला आहे तो व्यवहार जाणणाऱ्या मनुष्याचा आहे. मूळ लेख्य जेथे सहज पोहोचता येत नाही अशा ठिकाणी असेल अथवा नाहीसे झाले असेल, तर दुसरे लेख्य करवावे. आणि तेथे शुद्धी म्हणजे अधमर्णपणाची निवृत्ती. येथे 'शुद्धी' हा शब्द ध्यानात धरण्याजोगा आहे. पैसे दिल्याने ऋण फिटते, पण मनुष्य शुद्ध होतो तो कागद फाटल्यावर, किंवा त्याच्याविरुद्ध दुसरा कागद हाती आल्यावर. देणे आणि शुद्ध होणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि दुसरी क्रिया धनकोच्या हातची आहे. स्नेह्यांच्या बाबतीत नेमकी हीच राहून गेली होती.

मराठी व्यवहारात हे दुसरे लेख्य म्हणजेच फारखत होय. नाव फारसी, वस्तू स्मृतीतली. त्याच्या जोडीस 'भरपाई' आहे, म्हणजे 'भरून पावलो' असा लेख. हिशेब 'बेबाक' झाला हा शब्द आहे. आणि सराफी पेढीवर भरणा होऊन निकालात निघालेल्या हुंडीस 'खोखा' असे स्वतंत्र नाव आहे. ज्या भाषेत मेलेल्या कागदास वेगळे नाव देतात, त्या भाषेच्या लोकांस जिवंत आणि मेलेला कागद यांतील भेद किती महत्त्वाचा वाटत असला पाहिजे! आम्ही जी थोडी खते पाहिली, त्यांत पाठीवर वसुलाच्या नोंदी निरनिराळ्या शाईने, निरनिराळ्या तिथींस, कधी निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या आढळतात. दर्शनी बाजूस एक दिवस असतो; पाठीवर अनेक वर्षे असतात.

तुकोबांविषयीची परंपरागत कथा या दृष्टीने पुन्हा पाहावी. घरची महाजनकी होती, सावकारी होती. वैराग्य आल्यावर त्यांनी खते इंद्रायणीत बुडविली, असे सांगतात. पण त्याच कथेत असेही आहे की त्यांनी प्रथम धाकटे बंधू कान्होबा यांस निम्मी खते वाटून दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली. कीर्तनकार या भागावरून घाईने जातात. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. मनात माफी देऊन ते थांबले नाहीत. कागद नाहीसा केला, आणि तोही स्वतःच्या हिश्शाचाच. कथेचा ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न निराळा. ती सांगणाऱ्यांस व्यवहार कळत होता एवढे निश्चित.

याचा अर्थ पूर्वीची वसुली सौम्य होती असा मात्र कोणी करू नये. एल्फिन्स्टनने पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. साध्या मागणीपासून आरंभ करून, देणेदारास अन्न घेऊ न देणे, एका पायावर उभे करणे, डोक्यावर जड धोंडा देऊन उन्हात ठेवणे, येथपर्यंत त्याच्या पायऱ्या चढत जातात. दारी मोहसल बसवावयाचा आणि त्याचे पोट देणेदाराने भरावयाचे, ही तर सर्वपरिचित रीत. मनूने ऋणवसुलीचे जे पाच उपाय सांगितले आहेत त्यांत 'आचरित' म्हणून जो उपाय आहे, तो म्हणजे आपले धरणेच. सावकाराने सरकारचे साह्य घेऊन वसुली केली, तर वसुलापैकी चौथाई सरकार घेई. आजच्या वसुली संस्थांच्या अडतीस हे पूर्वज म्हणून दाखविता येईल. खुद्द थोरले बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या पायांवर डोके घासून आपले कपाळ झिजल्याची तक्रार करतात. मग सामान्यांची काय कथा? परंतु या सगळ्या कठोरपणात एक गोष्ट होती. मोहसल दारातून उठला हे आळीला दिसे. दामदुपटीच्या नियमाने एका वेळी येणाऱ्या व्याजास मुद्दलाइतकी मर्यादा होती. कर्ज कोठे संपले हे सांगता येई.

इंग्रजी अंमलात हा शेवट हरवला. १८५५ मध्ये व्याजाची कायदेशीर मर्यादा उठविण्यात आली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतू असा की सावकाराने हिशेब फार काळ लोंबत ठेवू नये. झाले उलटे. दर तीन वर्षांनी मुद्दल व व्याज एकत्र करून त्या सगळ्याचे नवे खत लिहून घेण्यात येऊ लागले. व्याज मुद्दल बनले, आणि जुने खत परत देण्याची किंवा फाडण्याची निकड उरली नाही. न्यायाधीशापुढे कागदाची दर्शनी बाजू येई. पाठ कोरीच असे, कारण वसूल लिहिलाच जात नसे. (तीन वर्षांचा हा फेरा अद्याप संपलेला नाही. १९६३ च्या कायद्याप्रमाणेही मुदत संपण्यापूर्वी अंशतः रक्कम भरून तशी नोंद स्वहस्ताची किंवा सहीची करून दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. आणि मुदत टळलेल्या कर्जाच्या फेडीचे सही केलेले लेखी वचन करार कायद्याने बंधनकारक ठरते. वसुलीवाले 'थोडे तरी भरा, एवढ्यावर सही करा' असे गोड बोलतात, त्याचे मर्म येथे आहे.)

१८७५ च्या मे महिन्यात जे झाले ते वाचकांस ठाऊक आहे. आम्ही त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंग्यास तोंड लागले आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत ते पसरले. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळास असे आढळून आले की, दंगेखोरांचा रोख सर्वत्र खते व हुकूमनामे हस्तगत करून नष्ट करण्यावर होता, आणि जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे मारहाण सहसा झाली नाही. धान्य नको, दागिना नको, कागद हवा! पुष्कळ इतिहासकार यात अडाणी माणसाचा लेखी कागदावरील राग पाहतात. आम्हांस ते पटत नाही. जी क्रिया सावकाराने करावयाची, ती करावयास तो राजी नाही असे दिसल्यावर रयतेने ती आपल्या हाताने केली. पाटन राहिले होते, ते दहन झाले. त्यांत न फिटलेली खतेही जळाली हे खरे, आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु फिटलेले कोणते आणि न फिटलेले कोणते हे कागदावरून ओळखण्याची सोय कोणी ठेवली होती?

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा वाचला असता सरकारास हे कळले होते असे दिसते. खताच्या दर्शनी आकड्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासून इतिहास पाहावा, असे त्याने न्यायालयास बजावले. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावनिबंधकापुढे व्हावेत, प्रत्येक भरण्याची लेखी पावती मिळावी, मागितल्यास वार्षिक हिशेब व पासबुक मिळावे, पैशाच्या हुकूमनाम्यावरून शेतकऱ्यास कैद होऊ नये, अशी त्यातील व्यवस्था होती. म्हणजे याज्ञवल्क्याने पाठीवर लिहावयास सांगितले ते आता पुस्तकात लिहावयाचे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीशाचे काम करीत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती केली. मराठ्यांच्या सत्तेचा उदय लिहिणाऱ्या या पुरुषाने कुणब्यांच्या खतांच्या पाठी किती पाहिल्या असतील, याची कल्पना करावी! सावकारांस परवाना, पावती व हिशेब यांची सक्ती करणारा १९४६ चा मुंबई कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१४ चा महाराष्ट्र कायदा ही याच वंशातील पुढची पिढी.

आता आमच्या स्नेह्यांचे खत कोठे होते? कोठेच नव्हते, आणि हीच नवी गोष्ट आहे. २००० मध्ये मुंबईत 'सिबिल' ही संस्था निघाली. २००५ च्या कायद्याने अशा पतमाहिती कंपन्यांस नियम घालून दिले. प्रत्येक सावकार आपले देणेदार त्यांस कळवितो, आणि दुसरा सावकार तेथे विचारून मग कर्ज देतो. येथे फाडावयास कागद नाही, रेघ मारावयास अंग नाही. नोंद एके ठिकाणी दुरुस्त झाली तरी दुसऱ्या वहीत ती उतरली असल्यास तेथे जिवंतच राहते. तरी शुद्धीचा मार्ग कायद्याने अगदीच बंद ठेवलेला नाही. प्रत्येकास वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. चुकीची तक्रार ३० दिवसांत निकालात काढावयाची. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावयाची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश असून तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तगाद्यासही वेळ बांधून दिली आहे. सकाळी ८ च्या आत व सायंकाळी ७ नंतर वसुलीवाल्याने दूरध्वनी करू नये, असे २०२२ मध्ये ठरले. एल्फिन्स्टनच्या अहवालातील तगादगीरास हे वाचून हसू आले असते.

स्नेह्यांनी २००९ चे पत्र ट्रंकेतून शोधून काढले. ते पाहून आम्हांस आनंद झाला, कारण त्यावर तारीख, रक्कम, खाते आणि 'काही येणे बाकी नाही' असे स्पष्ट शब्द होते. म्हणजे सर्वांगांनी पुरी अशी फारखत. ती पतमाहिती कंपनीकडे, मूळ बँकेकडे आणि खरेदीदार कंपनीकडे अशी तिघांकडे पाठविली. दोन ठिकाणची नोंद सुधारली. तिसऱ्यास पुन्हा लिहावे लागले. शेवटी कर्ज मिळाले. पत्र त्यांनी पुन्हा ट्रंकेत ठेवले आहे, आणि मुलांस त्याची जागा सांगून ठेवली आहे. पित्याचे ऋण पुत्रपौत्रांनी द्यावे असे सांगणाऱ्या स्मृतीच्या वाचकास ही दक्षता अनाठायी वाटणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. आजवर जी कर्जखते छापली गेली, त्यांपैकी पुष्कळांची दर्शनी बाजूच छापलेली आहे. पाठीवरील वसूल संपादकाने गाळला की मुळातच नव्हता, हे छापील पानावरून कळत नाही. अशा खतांच्या आकड्यांची बेरीज करून एखाद्या सरदाराचे वा गावाचे 'कर्ज' ठरविणे म्हणजे आमच्या स्नेह्यांस थकबाकीदार ठरविणाऱ्या वहीचीच चूक पुन्हा करणे होय. ज्यांच्या संग्रही मोडी खते असतील त्यांनी नक्कल करताना पाठीवरील प्रत्येक नोंद तिथीसह उतरवावी; मथळा फाडलेला असल्यास किती व कोठे फाडला आहे ते लिहावे; रेघा असल्यास त्या मूळ शाईच्या आहेत की मागाहूनच्या, हेही नोंदवावे. त्याच रुमालात फारखत सापडल्यास ती खतापासून वेगळी बांधू नये. अशा दहा-वीस जोड्या जरी त्रैमासिकाकडे आल्या, तरी त्या एकत्र छापण्यास आरंभ करता येईल. आणि 'खंडित' म्हणून बाजूस टाकलेले रुमाल कोणी अद्याप रद्दीत घातले नसतील, तर ते प्रथम उघडावेत.