जुने सुटे भाग की नवे घटक?

लष्कर, दूरध्वनी खाते किंवा एखादा कारखाना आपली यंत्रसामग्री मोडीत काढतो वा गोदामात न वापरलेले सुटे भाग पडून राहतात, तेव्हा ते लिलावाच्या वाटेने बाजारात येतात. इलेक्ट्रॉनिक्समधील हा ‘शिल्लक माल’. दुसऱ्या महायुद्धानंतर अशाच मालावर अमेरिका व इंग्लंडमधील हौशी रेडिओचालकांची एक पिढी पोसली गेली. न्यूयॉर्कमधील ‘रेडिओ रो’ ही बाजारपेठ त्या काळात बहरली आणि पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उभारणीसाठी जमीनदोस्त झाली. मुंबईकरांना हा व्यवहार परिचित आहे तो लॅमिंग्टन रोडमुळे, आणि अधिक जुन्या वस्तूंसाठी चोरबाजारामुळे.

असा भाग घ्यावा की नवा, याचा निर्णय निव्वळ वयावर करता येत नाही. तो भाग कशाचा बनला आहे, हे पाहावे लागते. ट्रान्सफॉर्मर, रेडिओतील गँग, अभ्रकाचे कपॅसिटर, धातूच्या बंद टोपीतील सिलिकॉन ट्रान्झिस्टर हे कोरड्या जागी दशकानुदशके टिकतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे, म्हणजे दुकानदार ज्याला अजूनही ‘कंडेन्सर’ म्हणतो त्याचे, तसे नाही. त्यात अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरील ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर विद्युतरोधकाचे काम करतो. वापराविना पडून राहिल्यास हा थर क्षीण होतो आणि आतील द्रव रबरी बुचातून हळूहळू उडून जातो. असा कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेजला जोडला, तर त्यातून गळतीचा प्रवाह वाहतो, तो तापतो आणि प्रसंगी फुटतो. रोधकामार्फत व्होल्टेज सावकाश वाढवत नेल्यास थर पुन्हा तयार होऊ शकतो. पण आतील द्रवच सुकला असेल, तर हा खटाटोप व्यर्थ. नवा कपॅसिटर बहुधा काही रुपयांत मिळत असताना येथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

घरातील वीजपुरवठ्याला थेट जोडलेल्या कपॅसिटरबाबत तर प्रश्न जिवाचा आहे. जुन्या रेडिओत वीजवाहक तार आणि धातूचा सांगाडा यांच्यामध्ये बसवलेला मेणकागदी कपॅसिटर निकामी झाला, की सांगाड्यातच वीज उतरते. तेथे ‘वाय’ वर्गाचा, सुरक्षा-प्रमाणित नवा कपॅसिटरच हवा.

उलट, नवा भाग दरवेळी जुन्याची जागा घेतोच असेही नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टर सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्टला वाहू लागतो, तर सिलिकॉनचा ०.६ ते ०.७ व्होल्टला. त्यामुळे एसी १२८ काढून तेथे सिलिकॉन ट्रान्झिस्टर बसवायचा, तर भोवतालचे रोधकही बदलावे लागतात. क्रमांक तोच असला तरी फसगत होते. २एन३०५५ हा प्रसिद्ध ट्रान्झिस्टर मूळचा संथ. निर्मितीची पद्धत बदलल्यावर त्याच क्रमांकाचा माल अधिक वेगवान झाला आणि जुन्या आराखड्याच्या अॅम्प्लिफायरमध्ये नको ती आंदोलने निर्माण करू लागला.

मोठ्या संस्थांचीही यातून सुटका नाही. अंतराळयानाच्या बूस्टर रॉकेटांची चाचणी करणाऱ्या उपकरणांसाठी ‘नासा’ २००२ मध्ये इंटेलच्या ८०८६ चिप लिलावाच्या संकेतस्थळांवर शोधत होती. ही चिप १९७८ सालची!

टंचाई आली की बनावट मालही येतो. अमेरिकी सिनेटच्या संरक्षणविषयक समितीने २०१२ च्या अहवालात संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली. त्यांतील भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. त्यामुळे जुनी चिप घेताना तिच्यावरील चार आकडी तारीख-संकेत वाचावा. ८४३२ म्हणजे १९८४ सालचा ३२ वा आठवडा. चिपच्या क्रमांकाचे उत्पादन ज्या वर्षी सुरूही झाले नव्हते ते वर्ष त्यावर असेल, पायांवर जुन्या कथलाचे डाग दिसत असतील, किंवा अॅसिटोनचा बोळा फिरवताच पृष्ठभागावरचा काळा लेप निघून खाली दुसरीच अक्षरे उमटत असतील, तर तो माल दुकानदाराला परत करावा.