कॉरिंथचे जंक्शन

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना. आपल्या चळवळीत ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या मुक्तीत खुद्द गुलामांचा वाटा किती होता? हा प्रश्न घेऊन मी अमेरिकन यादवी युद्धाकडे पाहतो, तेव्हा मिसिसिपी राज्यातील कॉरिंथ मला फार महत्त्वाचे वाटते.

गाव कसले, रुळांची फुली! मेम्फिस-चार्ल्सटन हा पूर्व-पश्चिम आणि मोबाइल-ओहायो हा दक्षिणोत्तर लोहमार्ग येथे एकमेकांना छेदत होते. गावाचे पहिले नावच ‘क्रॉस सिटी’. दक्षिणेतील लोहमार्गांचे भराव बव्हंशी गुलामांच्या श्रमांवर उभे राहिलेले. मिसिसिपी नदीपासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत थेट जाणारा गुलाममालकांचा मार्ग हा एवढाच. तो तुटला की सैन्य आणि दाणागोटा लांबच्या वळणाने न्यावा लागणार, हे दोन्ही बाजू ओळखून होत्या.

एप्रिल १८६२ मधली शायलोची लढाई झाली ती या जंक्शनवर डोळा ठेवूनच. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून २३ हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. नंतर लाखाहून अधिक फौज घेऊन हॅलेक कॉरिंथवर चालून आला. मेअखेरीस बोरेगार्डने गाव सोडले. जाताना गाडी आली की तो सैनिकांना जयघोष करायला लावी. शत्रूला वाटावे, कुमक येते आहे! लष्करी इतिहासकार ही युक्ती मोठ्या चवीने सांगतात. आठवड्याभरात मेम्फिसही पडले. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेने जंक्शन परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

माझ्या लेखी खरा इतिहास इथून पुढचा. उत्तरेची फौज जंक्शनवर ठाण मांडून बसली आणि मळ्यामळ्यांतून गुलाम पळून येऊ लागले. लष्करी भाषेत त्यांचे नाव ‘कॉन्ट्राबँड’, म्हणजे युद्धात जप्त झालेला माल. धन्याच्या तावडीतून सुटला तरी माणूस कागदावर मालच! जनरल डॉजने त्यांची छावणी वसवली. या ‘माला’ने तिथे घरे बांधली, चर्च, शाळा, दवाखाना उभा केला, कापूस आणि भाजीपाला पिकवला. मे १८६३ पर्यंत छावणीचा निव्वळ नफा ४ ते ५ हजार डॉलर झाला होता. गुलामांना जमवून शिकवणे जिथे कायद्याने बंद होते, त्या मिसिसिपीत हजाराहून अधिक मुले-माणसे वाचायला शिकली. छावणीच्या राखणीसाठी डॉजने त्यांच्याच हाती बंदुका दिल्या. त्याच मे महिन्यात त्यांच्यातून आफ्रिकन वंशाच्या सैनिकांची पहिली अलाबामा पायदळ पलटण उभी राहिली.

मग रणांगण सरकले आणि जंक्शनची लष्करी किंमत उतरली. डिसेंबर १८६३ मध्ये छावणी मेम्फिसला हलवली गेली, जानेवारीत फौजेनेही गाव सोडले. घरे, शेते, शाळा मागे राहिली. माणसे पुन्हा निर्वासित. सेनापतींच्या नकाशावर दोन रूळ होते, ही वसाहत कधीच नव्हती.

पलटण मात्र लढत राहिली. जून १८६४ मध्ये ब्राइसेस क्रॉस रोड्स येथे उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडाली. त्या दिवशी पळत्या गोऱ्या सैनिकांची पिछाडी सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय पलटणींत एक कॉरिंथची होती.