ग्रेडियंट पार्श्वभूमी
वेबपानावरील चौकट, बटण किंवा मथळा यांच्यामागे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू सरकत जाणारी छटा. पूर्वी ती चित्रफाइलीने साधत : १ पिक्सेल रुंदीची उभी पट्टी ओळीने आडवी मांडायची. रुंदीचा प्रश्न सुटे, उंचीचा नाही. मजकूर वाढला की पट्टी संपून तुटक कडा दिसे. म्हणून पट्टीचा शेवटचा रंगच घटकाचा पार्श्वरंग ठेवत. युक्ती साधी, पण चोख. देवनागरीत ही अडचण अधिक जाणवे, कारण मात्रा-उकारांमुळे ओळींना जास्त उंची लागते.

२००८ मध्ये वेबकिट या ब्राउझर-इंजिनाने छटा थेट सीएसएसमधून, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतून, रेखाटण्याची सोय आणली. पुढे ती प्रमाणित झाली. अशा छटेला स्वतःचे माप नसते. मिळेल ती चौकट ती भरते. फसगत होते ती संपूर्ण पानाच्या छटेत. मजकूर थोडा असला तर छटा तेवढ्याच उंचीत आटोपते आणि उरलेल्या पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पुन्हा उमटते, कारण ‘बॉडी’ला दिलेली पार्श्वभूमी मूळ ‘एचटीएमएल’ घटकाच्या मापाने बसवली जाते. त्या मूळ घटकाला किमान १०० टक्के उंची दिली की पट्ट्या जातात.