चाकांचे स्पेसर आणि ॲडॅप्टर

मोटारीचा हब आणि चाकाची रिम यांच्यामध्ये बसवल्या जाणाऱ्या धातूच्या चकतीस स्पेसर म्हणतात. हीच चकती हबवरील बोल्टांच्या मांडणीऐवजी दुसऱ्या मांडणीची सोय करून देत असेल, तर तिला ॲडॅप्टर हे नाव आहे. स्पेसरमुळे चाक मूळ जागेपेक्षा बाहेर सरकते. ॲडॅप्टरमुळे मुळात त्या गाडीवर न बसणारे चाक बसवता येते, परंतु चकतीच्या जाडीइतके ते बाहेरही येते. जुन्या मोटारींवर बाजारातील किंवा दुसऱ्या गाडीची चाके चढवण्यासाठी या दोन्ही साधनांचा वापर होतो.

चाक एखाद्या गाडीवर बसेल की नाही हे प्रामुख्याने तीन मापांवर ठरते. पहिले माप पीसीडी, म्हणजे सर्व बोल्टांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ५ × १३० असे लिहिले की १३० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट आहेत असा अर्थ होतो. दुसरे माप ऑफसेट. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतील हे अंतर असून जर्मन प्रथेनुसार ते ‘ईटी’ या अक्षरांनी दाखवतात, आणि ईटी जितका कमी तितके चाक बाहेर येते. तिसरे माप रिमच्या मध्यछिद्राचा व्यास होय. ही तिन्ही मापे जुळली तरी रिमची आतील पोकळी ब्रेकच्या कॅलिपरला किंवा ड्रमला चुकवते की नाही, हे प्रत्यक्ष चाक लावूनच पाहावे लागते.

या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल या गाडीवर पोर्शे ९११ ची ‘फुक्स’ चाके बसवण्याची प्रथा. जर्मनीतील मायनर्ट्झहागेन येथील ओटो फुक्स या कारखान्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूपासून घडीव पद्धतीने तयार केलेली ही पाच पाकळ्यांची चाके १९६६ मध्ये ९११ एस या प्रतिमानासोबत आली आणि हलकेपणा व देखणेपणा या दोन्ही गुणांमुळे लोकप्रिय झाली. बीटल आणि पोर्शे यांचे कूळ एकच. पोर्शे ३५६ च्या आरंभीच्या गाड्यांना बीटलसारखीच ५ × २०५ ही मांडणी होती, त्यामुळे त्या काळात चाकांची अदलाबदल कोणत्याही चकतीविना होऊ शके. चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या ३५६ सी पासून पोर्शेने ५ × १३० ही मांडणी स्वीकारली, तर बीटलने १९६८ च्या प्रतिमानापासून ४ × १३० ही चार बोल्टांची मांडणी घेतली, आणि दोन्ही गाड्यांच्या चाकांचा मार्ग वेगळा झाला. ॲडॅप्टरची गरज निर्माण झाली ती या फाटाफुटीतून.

बीटलच्या दोन पिढ्यांपैकी जुनी पिढी या कामाला अधिक सोयीची ठरते, आणि याचे कारण शुद्ध भूमितीत आहे. ५ × २०५ च्या ड्रमवर ५ × १३० चे ॲडॅप्टर लावताना नवे वर्तुळ जुन्याच्या बरेच आत येते, त्यामुळे ड्रमला चकती धरणारे बोल्ट आणि चाक धरणारे स्टड यांची गर्दी होत नाही. ४ × १३० वरून ५ × १३० वर जाताना मात्र दोन्ही वर्तुळे एकाच व्यासाची असतात. चार छिद्रे नव्वद अंशांवर आणि पाच छिद्रे बहात्तर अंशांवर असल्याने चकती कशीही फिरवली तरी एखादी जुनी-नवी जोडी एकमेकींपासून नऊ अंशांच्या आतच राहते, आणि १३० मिमी व्यासाच्या वर्तुळावर नऊ अंश म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत जेमतेम १० मिमी. एवढ्या जागेत १४ मिमीचे दोन आटे शेजारी शेजारी मावू शकत नाहीत. व्यास समान दिसतो म्हणून हे रूपांतर सोपे असावे असा समज होतो, तो या मोजणीपुढे टिकत नाही.

चाक किती बाहेर येईल याचे गणित आधी करणे शक्य आणि आवश्यक असते. फुक्सच्या सहा इंची रिमचा ऑफसेट ३६ मिमी आहे. तिची अर्धी रुंदी ७६ मिमी धरली, तर बाहेरची कडा हबच्या पृष्ठभागापासून ४० मिमी पुढे येते, आणि मध्ये २५ मिमीचे ॲडॅप्टर आले की तीच कडा ६५ मिमीवर पोचते व परिणामी ऑफसेट ११ मिमी उरतो. रिमची नाममात्र रुंदी ही टायर बसण्याच्या जागेची असल्यामुळे रिमच्या ओठांची जाडी त्यात आणखी मिळवावी लागते. दोन्ही बाजूंना चकत्या लागल्याने डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर एकूण ५० मिमीने वाढते. मडगार्डखाली जागा पुरते की नाही हे गाडी जॅकवर असताना ठरवणे चुकीचे आहे. ते निलंबन पूर्ण दाबलेले असताना आणि पुढचे चाक दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे लागते.

चकतीच्या सुरक्षिततेचा विचार चाक हबला नेमके कशामुळे धरलेले असते या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. गाडीचे वजन आणि ब्रेकचा जोर बोल्टांच्या दांड्यांवर आडवा पेलला जातो ही समजूत सर्रास आढळते, परंतु योग्य जोडणीत बोल्टांचे काम दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट दाबून ठेवणे एवढेच असते आणि प्रत्यक्ष जोर त्या पृष्ठभागांमधील घर्षण पेलते. पोर्शे ९११ च्या १४ मिमीच्या नटांसाठी १३० न्यूटन-मीटर एवढे पीळबल सांगितलेले आहे. नेहमीच्या घर्षणांकानुसार त्यातून प्रत्येक नटामागे साडेचार टनांहून अधिक वजनाइतका दाब निर्माण होतो, म्हणजे पाच नटांचा मिळून वीस टनांहून अधिक. चकती मध्ये आली की घर्षणाची एक जोडी जाऊन दोन जोड्या होतात. यांपैकी कोणत्याही पृष्ठभागावर गंज, रंगाचा थर किंवा जुन्या ग्रीसचे अवशेष असतील, तर काही शे किलोमीटरमध्ये ते दबून बसतात, बोल्टांचा ताण उतरतो आणि मग बोल्ट खरोखरच आडवा जोर घेऊ लागतात. असा बोल्ट धातूच्या शिणवट्याने, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने पडलेली बारीक चीर वाढत जाऊन तुटतो. चाके निखळण्याच्या घटनांमागे चकतीच्या जाडीपेक्षा अस्वच्छ पृष्ठभाग आणि उतरलेला ताण हीच कारणे अधिक गंभीर मानली पाहिजेत.

म्हणून बसवण्याच्या कृतीत पृष्ठभाग तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करणे, नट टॉर्क पान्याने आलटून पालटून समोरासमोरचे आवळणे आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यानंतर पुन्हा तपासणे या गोष्टींना पर्याय नाही. ॲडॅप्टरच्या बाबतीत या पुनर्तपासणीसाठी चाक काढावे लागते, कारण चकती धरणारे बोल्ट चाकाच्या आड दडलेले असतात. हीच पायरी सर्वाधिक वेळा टाळली जाते. बीटलच्या मागच्या ड्रमचा मोठा ३६ मिमीचा नटही याच वेळी पाहावा. तो सुमारे ३०० न्यूटन-मीटरला आवळलेला नसेल तर ड्रमचे आतील दाते झिजतात आणि त्यातून येणारी थरथर नव्या चाकांच्या माथी मारली जाते.

नट ज्या बैठकीवर टेकतो तिचा आकारही जुळावा लागतो. फोक्सवॅगन आणि पोर्शे यांच्या मूळ चाकांत बैठक गोलाकार असते, तर बाजारातील अनेक चाकांत ती साठ अंशांच्या शंकूची असते. एकाचा नट दुसऱ्यावर चढवल्यास स्पर्श केवळ एका बारीक कड्यावर होतो आणि आवळण्याचे मापन निरर्थक ठरते. बोल्टांची लांबी स्पेसरच्या जाडीइतकी वाढवावी लागते. जर्मनीत रूढ असलेल्या संकेतानुसार १२ मिमी व्यास व १.५ मिमी अंतराच्या आट्यांना निदान साडेसहा आणि १४ मिमी व्यास व त्याच अंतराच्या आट्यांना निदान साडेसात पूर्ण फेरे धरले गेले पाहिजेत. उलट बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर ड्रममध्ये आरपार जाऊन तो ब्रेकशूला किंवा स्प्रिंगला घासतो, म्हणून चाक लावल्यावर ते हाताने पूर्ण फिरवून पाहिले जाते. जुन्या विलिस जीपच्या वारशातील, महिंद्रने मुंबईत जुळणी सुरू केलेल्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आढळतात. ते न ओळखता नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास स्टड पिळून तुटतो.

चकतीच्या दर्जाबाबत तडजोडीला जागा नाही. चांगल्या चकत्या उच्च ताकदीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या ठोकळ्यातून कातून काढलेल्या असतात, त्यांचे आतले छिद्र हबच्या मानेवर चपखल बसते आणि बाहेरच्या बाजूला चाकाला मध्यावर धरणारी तशीच मान असते. अनेक गाड्यांना बसावी म्हणून बोल्टांसाठी लांबट खाचा पाडलेली ओतीव चकती याच्या नेमकी उलट होय: टेकण्याचा पृष्ठभाग कमी, मध्य साधण्याची सोय नाही, आणि ताकदीबद्दल खात्री नाही. अशी चकती रस्त्यावर धावणाऱ्या कोणत्याही गाडीला लावू नये. स्पेसर ही कल्पना मात्र मुळातच सदोष नाही. पोर्शेने स्वतःच्या काही प्रतिमानांना ते कारखान्यातूनच बसवले आहेत.

बेअरिंगवरील परिणामाविषयी अतिशयोक्ती पुष्कळ होते. एका चाकावर ३०० किलो भार धरल्यास २५ मिमीच्या चकतीमुळे वाकवणारे परिबल सुमारे ७४ न्यूटन-मीटरने वाढते. वळणावर त्याच चाकावर भाराच्या निम्म्याइतका आडवा जोर आला, तर ३० सेंमी त्रिज्येच्या चाकात तो ४४० न्यूटन-मीटरच्या घरात परिबल निर्माण करतो. म्हणजे बेअरिंग याहून मोठे जोर नेहमीच सोसते. फरक हा की चकतीचा जादा भार सरळ रस्त्यावरही क्षणभर सुटत नाही, आणि पन्नास वर्षे चाललेल्या बेअरिंगला तो सोसेलच असे नाही. स्टिअरिंगवरचा परिणाम अधिक जाणवतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष रस्त्याला जिथे भेटतो, त्या बिंदूपासून टायरच्या स्पर्शाचा मध्य दूर गेल्याने खड्ड्याचा धक्का थेट हातांपर्यंत पोचतो आणि दोन बाजूंचे ब्रेक थोडे असमान असले तरी गाडी एकीकडे ओढली जाते.

कायद्याची भूमिका देशागणिक बदलते. जर्मनीत चाचणी अहवाल असलेली चकती तपासनीसाकडून मान्य करून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवता येते, आणि नोंद न केल्यास वाहनाचा परवाना रद्द ठरू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या हलक्या वाहनांविषयीच्या राष्ट्रीय संहितेत उत्पादकाने मुळात न दिलेल्या चकत्यांना मनाई आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये स्पेसरचा नामोल्लेख नाही. तथापि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना ते कलम अटकाव करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ उचलून धरला आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत ॲलॉय चाकांच्या वाकण्याच्या शिणवट्याची आणि आघाताची चाचणी होते, परंतु अशा चाचणीत उत्तीर्ण झालेले चाक मध्ये चकती घालूनही तितकेच भरवशाचे राहील, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

बीटलसाठी ॲडॅप्टर टाळण्याचे दोन मार्ग उपलब्ध आहेत. ५ × १३० ची छिद्रे पाडलेले नवे ड्रम व डिस्क तयार मिळतात, ज्यांमुळे घर्षणाची जादा जोडी आणि जादा जाडी दोन्ही वाचतात. आणि फुक्सच्या धाटणीची, पण थेट ५ × २०५ किंवा ४ × १३० मांडणीची चाकेही बनवली जातात. चार बोल्टांच्या बीटलसाठी, वर दाखवलेली छिद्रांची अडचण पाहता, ॲडॅप्टरपेक्षा पहिला मार्ग अधिक श्रेयस्कर होय.